मारिया साबिनांचं देणं : मानसोपचारतज्ज्ञांना एक खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या मानसोपचारतज्ज्ञांनो, मेंदू-संशोधकांनो आणि या शाखेत शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांनो,

सप्रेम नमस्कार.

जुलै 2023 पासून ऑस्ट्रेलियात परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांत सापडणारा, भासदृश्यं घडवणारा पदार्थ, देऊ शकतात. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात 2020 मध्ये लोकांनी मतदान करून परवानाधारक केंद्रांची वाट मोकळी केली. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सिलोसायबिनही आहे आणि तशाच परिणामाचं एलएसडी हे रसायनही. ती यादी उद्या बदलेल असं नाही. पण परदेशातल्या चाचण्यांचे निष्कर्ष तुम्ही वाचता, आणि गोळ्या बदलून बदलून थकलेले नैराश्याचे रुग्ण तुम्ही रोज पाहता. हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या दारात येणार आहे. तो येण्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र.

मी मानववंशशास्त्र शिकवते. औषधशास्त्रातलं तुम्हाला सांगावं असं माझ्याकडे काही नाही. हा पदार्थ मी घेतलेला नाही, आणि कुणी घ्यावा असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या अनुभवाचा गुण जितका रेणूत आहे तितकाच तो घेणाऱ्याच्या भोवतीच्या माणसांत, भाषेत, गाण्यात आणि ज्या कारणासाठी तो घेतला त्या कारणात आहे. रेणू तेवढा उचलून आणला तर उपचार अर्धा राहील, आणि ज्यांच्याकडून तो उचलला त्यांच्यावर अन्याय होईल. हे पटवून देण्यासाठी मला तुम्हाला एका गावात न्यावं लागेल.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात मासातेक लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात हुआउत्ला दे हिमेनेस हे गाव. 29 जून 1955 च्या रात्री तिथल्या एका घरात न्यूयॉर्कचे गॉर्डन वॉसन आणि त्यांचे छायाचित्रकार मित्र बसले होते. वॉसन जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष, आणि पत्नी व्हॅलेंटिना यांच्यासोबत अनेक वर्षं अळंब्यांचा अभ्यास करणारे. समोर होत्या गावात उपचार करणाऱ्या मारिया साबिना. मासातेकशिवाय दुसरी भाषा त्यांना येत नव्हती, लिहिता-वाचता येत नव्हतं. गावच्या एका अधिकाऱ्याने शब्द टाकला म्हणून त्या या परक्यांसाठी बसायला तयार झाल्या होत्या.

ही बैठक म्हणजे रात्रभराचा जागर. ती कुणाच्या तरी आजारासाठी किंवा अडलेल्या प्रश्नासाठी होते. वॉसन यांनीही आपल्या मुलाच्या खुशालीचा प्रश्न पुढे केला होता, कारण प्रश्नाशिवाय बसण्याची तिथे रीत नव्हती. समोर देव्हारा, त्यात कॅथलिक संतांच्या तसबिरी, फुलं, कोपालचा धूप. अळंब्या जोडीने खायच्या. त्यांना अळंबी म्हणत नाहीत, ती पवित्र लेकरं. वॉसन यांना सहा जोड्या मिळाल्या, मारिया साबिनांनी स्वतः तेरा घेतल्या. मग मेणबत्ती विझते आणि उपचार करणारी बाई पहाटेपर्यंत गाते, टाळ्या वाजवते, संतांची नावं घेते, आजाऱ्याच्या वतीने बोलते. आधी चार दिवस शरीरसंबंध वर्ज्य. घरचे लोक जवळ असतात. इथे एक गोष्ट नीट बघा : उपचार करणारी बाई रोग्यापेक्षा जास्त मात्रा घेते. रोग कुठे आहे, कशाने झाला, हे बघायचं काम तिचं आहे. आजाऱ्याला एकट्याला अंधारात सोडून ती बाजूला नोंदी घेत बसत नाही.

आता त्या रात्री वॉसन यांना काय दिसलं ते पाहू. कमानी आणि बागा असलेले रत्नजडित महाल दिसले, राजेशाही रथ ओढणारा पुराणातला प्राणी दिसला. भरपूर वाचलेल्या, भरपूर फिरलेल्या माणसाच्या मनातलं वैभव त्यांच्यापुढे उभं राहिलं. मारिया साबिनांनी पुढे हुआउत्लाच्याच एका मासातेक माणसाला मासातेकमध्ये आपलं आयुष्य सांगितलं, ते 1977 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्या सांगतात ते असं : बहीण फार आजारी पडली, कुणाच्या औषधाने बरी होईना. मारियांनी पूर्वी कधी घेतल्या नव्हत्या इतक्या अळंब्या घेतल्या. समोर मेजाभोवती थोर माणसं बसलेली दिसली, मेजावर कागद होते. मग एक ग्रंथ प्रकटला, वाढत वाढत माणसाएवढा झाला. हा ज्ञानाचा ग्रंथ, तुझा, असं त्यांना सांगण्यात आलं. आणि अक्षरओळख नसलेल्या या बाईंना तो वाचता आला. नंतर ग्रंथ गेला, पण त्यातली भाषा त्यांच्याकडे राहिली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे गायलं ते त्या भाषेतलं.

या दृश्यावर मी विद्यार्थ्यांना पुष्कळ वेळ थांबवते. हुआउत्लात कागद कुणाच्या हातात होता? पाद्र्याच्या, सरकारच्या. मेजाभोवती बसून निर्णय घेणारे कोण होते? मासातेक बाई त्या मेजापाशी बसत नव्हती. 1620 मध्ये मेक्सिकोतल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, पेयोते या निवडुंगाविरुद्ध फर्मान काढलं, अळंब्यांचे विधीही पाखंड ठरले, आणि तेव्हापासून ते डोंगरांच्या आडोशाने, अंधारात टिकून राहिले. अशा समाजातल्या निरक्षर स्त्रीला बहिणीच्या उशाशी बसून ग्रंथ मिळतो आणि तो ग्रंथ म्हणतो, मी तुझा. आपल्याकडे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक नाकारलं गेलं, त्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही या दृश्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एका बाईच्या मनातली वेदना आणि एका समाजाचा चारशे वर्षांचा इतिहास तिथे एकाच प्रतिमेत आले आहेत. हे सिलोसायबिनने निर्माण केलं का? सिलोसायबिनशिवाय ते दिसलं नसतं, हे खरं. पण सिलोसायबिनमध्ये ग्रंथ नसतो.

तुम्ही म्हणाल, मग रेणूचं काय? त्याचंही उत्तर हुआउत्लातच आहे. फ्रान्सचे कवकतज्ज्ञ रोजे हेम यांनी या अळंब्या ओळखल्या आणि वाढवल्या. त्यांतून आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये सिलोसायबिन वेगळं केलं. हे तेच हॉफमन, ज्यांनी 1943 मध्ये एलएसडीचा परिणाम स्वतःवर अनुभवला होता. 1962 मध्ये ते वॉसन यांच्यासह हुआउत्लाला गेले आणि मारिया साबिनांना सिलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. त्या रात्रीही जागर झाला, गाणं झालं. पहाटे त्यांनी कौल दिला की गोळ्यांतही तीच शक्ती आहे. अळंब्या पावसाळ्यातच येतात, आता इतर ऋतूंतही लोकांना मदत करता येईल, म्हणून त्यांना आनंद झाला. मला ही घटना फार मोलाची वाटते. गोळ्यांचा परिणाम लगेच दिसेना तेव्हा सुरुवातीला शंका व्यक्त झाली, पण त्या बाईंनी रसायनाला नाकारलं नाही. त्यांनी ते आपल्या जागरात घेतलं, आपल्या गाण्याखाली आणलं. तुमच्या शास्त्राकडे त्यांनी जितक्या मोकळेपणाने पाहिलं, तितक्या मोकळेपणाने तुम्ही त्यांच्या शास्त्राकडे पाहावं, एवढंच माझं मागणं आहे.

त्या बदल्यात त्यांना काय मिळालं, हे मात्र सांगायला हवं. 13 मे 1957 च्या 'लाइफ' मासिकात वॉसन यांचा लेख छायाचित्रांसह आला. त्यात मारिया साबिनांचं नाव बदललं होतं, पण लोकांनी वाट शोधलीच. साठच्या दशकात गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. पाऊस असो-नसो, आजार असो-नसो, अळंब्या खाल्ल्या जाऊ लागल्या. 1969 मध्ये सरकारने सैन्य पाठवून बाहेरच्यांना हुसकावलं. गावाचा राग मारिया साबिनांवर निघाला. त्यांचं घर जाळलं गेलं, त्यांना अटकही झाली. आमच्याकडे लोक बरं होण्यासाठी लेकरं घेत, नुसता देव बघायला कुणी येत नसे, परके आले आणि लेकरांची शक्ती गेली, असं त्या उतारवयात सांगत. 1985 मध्ये त्या गरिबीतच वारल्या. दुसरीकडे, त्यांनी दाखवलेल्या वस्तूवर आज कंपन्या उभ्या आहेत, शेअर बाजारात त्यांचे भाव लागतात.

आता तुमच्या प्रयोगशाळांकडे येते.

2006 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स यांच्या गटाने 36 निरोगी स्वयंसेवकांना सिलोसायबिन दिलं. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा 67 टक्के लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. पहिलं मूल होणं, आई किंवा वडील जाणं यांच्या पंगतीत. 2016 मध्ये तिथेच कॅन्सरच्या 51 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा अनुभव अधिक गूढ, अधिक सखोल, त्यांची भीती आणि निराशा अधिक कमी झालेली दिसली. म्हणजे अर्थ हा या उपचारात शोभेला नाही, हे तुमच्याच आकड्यांनी सांगितलं. आणि तिथली मांडणी पाहा : कोच, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, त्यातून बहुतांशी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, बाजूला दोन विश्वासाची माणसं. हासुद्धा एक विधीच आहे, बाल्टिमोरच्या लोकांना आपला वाटेल असा. तो चुकीचा नाही. फक्त तो जगभर सगळ्यांना लागू पडणारा, संस्कृतीच्या पलीकडचा समजला जातो, हे चुकीचं आहे. 1993 ते 2017 मधल्या अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा सहभागी लोकांत 82 टक्क्यांहून अधिक गोरे निघाले.

अनुभव मोजायची जी प्रश्नावली आहे तिचं मूळही तपासा. 20 एप्रिल 1962 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पाहन्के यांनी धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सिलोसायबिन, तुलनेसाठी उरलेल्या दहा जणांना निकोटिनिक अ‍ॅसिड. वर मुख्य प्रार्थनागृहात हॉवर्ड थर्मन यांचं प्रवचन चालू होतं, ते खाली तळघरात विद्यार्थ्यांना ऐकवलं जात होतं. (हे थर्मन 1936 मध्ये भारतात येऊन गांधीजींना भेटून गेलेले.) विद्यार्थ्यांचे अनुभव मोजायला पाहन्के यांनी तत्त्वज्ञ डब्ल्यू. टी. स्टेस यांनी मांडलेली गूढानुभवाची लक्षणं घेतली : एकत्व, काळ आणि स्थळ ओलांडणं, पावित्र्य, शब्दांत न मावणं वगैरे. आजच्या प्रश्नावल्या त्याच घराण्यातल्या.

अशी प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून साताऱ्याच्या किंवा परभणीच्या रुग्णापुढे ठेवली तर काय होईल? समजा एखादी बाई म्हणाली, "जोतिबा आला होता, पण माझ्याकडे पाठ करून बसला." किंवा, "सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत." एकत्वाच्या रकान्यात तिला शून्य मिळेल. पण राहिलेला नवस, न बोलता गेलेली सासू, त्या अबोल्यातच पुढे आलेलं आजारपण, हे सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि उपचाराचं दारही तिथेच आहे. उलट शहरातला शिकलेला रुग्ण अद्वैत, समाधी, कुंडलिनी हे तयार शब्द वापरून प्रत्येक रकान्यात पूर्ण गुण मिळवेल, आणि त्याच्या मनाला कदाचित काहीच शिवलेलं नसेल. म्हणून विनंती करते : भाषांतर करू नका. आधी ऐका. अंगात येणं, जागर, गोंधळ, वारी, स्वप्नात पूर्वज येणं, या सगळ्याबद्दल लोक कसे बोलतात ते टिपा, आणि त्यातून प्रश्न घडवा. या कामाला सिलोसायबिन लागत नाही, कायदा आड येत नाही. ते उद्यापासून सुरू करता येईल.

इथे तुमच्यातले काही जण अस्वस्थ होतील. महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि ही बाई भगत-देवऋषींची भलामण करते आहे, असं वाटेल. तो कायदा मला हवा आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणारा भगत तुरुंगातच गेला पाहिजे. पण आजारी माणूस आपल्या दुःखाचा अर्थ कोणत्या भाषेत लावतो हे समजून घेणं म्हणजे त्या भाषेतल्या प्रत्येक विधानावर विश्वास ठेवणं नव्हे. चांगले मानसोपचारतज्ज्ञ हे आजही करतात. "बाहेरचं झालंय" म्हणणाऱ्या आईला ते झिडकारत नाहीत. कधीपासून, कुठे, घरात तेव्हा काय चाललं होतं, असं विचारत जातात. हेच कौशल्य या औषधाला सगळ्यांत जास्त लागणार आहे, कारण हे औषध घेतलेला माणूस काही तास अतिशय उघडा, अतिशय सूचनाक्षम असतो. त्या वेळी त्याच्याजवळ बसलेल्याने त्याच्यावर आपला अर्थ लादला, मग तो धर्माचा असो की मेंदूतल्या रसायनांचा, तर ती जबरदस्ती आहे.

आणि दुसऱ्या जबरदस्तीबद्दलही बोललं पाहिजे. एमडीएमए हे वेगळ्या जातीचं, मानसिक आघातावरच्या उपचारासाठी तपासलं गेलेलं औषध, पण त्याच्या चाचण्यांमध्ये उपचार करणाऱ्यांनी रुग्णाच्या शरीराची मर्यादा ओलांडल्याचं उघड झालं आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्या उपचाराला मान्यता नाकारली. आपल्याकडे डॉक्टरपुढे रुग्ण, त्यातही स्त्री रुग्ण, आधीच दबलेली असते. सहा-आठ तास बंद खोलीत कोण बसणार, घरचं माणूस आत असेल का, स्पर्शाची संमती आधी कशी घ्यायची आणि ती मध्येच मागे घेता येईल का, हे ठरल्याशिवाय एकाही रुग्णाला हात लावू नका. मासातेक जागरात घरचे लोक असतात, ते उगीच नसतात.

पाहन्के यांच्या प्रयोगाबद्दल एक गोष्ट राहिली. त्या दिवशी एक विद्यार्थी इतका बेभान झाला की त्याला शांत करायला थोराझिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. पाहन्के यांनी आपल्या प्रबंधात ते लिहिलंच नाही. जवळपास तीस वर्षांनी, 1991 मध्ये, संशोधक रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून विचारलं तेव्हा ते बाहेर आलं. चांगल्या बातमीच्या मोहात वाईट रात्र गाळली गेली. हे तुमच्याकडून होऊ नये. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, हे सामान्य वाचकांना सांगितलं जात नाही. तेही तुम्ही मोठ्याने सांगायला हवं.

कारण कायदा काहीही म्हणो, मुलं घेतातच. गोव्याच्या किनाऱ्यावर, कोडाईकनालला, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये. घाबरून, थरथरत मध्यरात्री ती तुमच्या कॅज्युअल्टीत येतात. झोपेचं इंजेक्शन द्यावं लागत असेल तर द्या. पण सकाळी त्या मुलाला विचारा, काय दिसलं? केसपेपरवर 'पदार्थजन्य' लिहून त्याला घरी पाठवलं की तो ते दृश्य घेऊन एकटाच राहतो. पोलिसांच्या आणि आईवडिलांच्या भीतीने तो कुणाला सांगू शकत नाही. कुणाला मेलेला मित्र दिसलेला असतो, कुणाला स्वतःचं मरण. त्यावर कुणीतरी त्याच्याशी तासभर बोललं तर तोच उपचार ठरू शकतो.

सोमरसाबद्दल मात्र एक कळकळीची विनंती. सोम म्हणजे लाल टोपीची अमानिता अळंबी, असा तर्क वॉसन यांनीच 1968 मध्ये मांडला. वेदांच्या बहुसंख्य अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. आता सायकेडेलिक, म्हणजे सिलोसायबिनसारखी भासदृश्यं घडवणारी औषधं येत आहेत म्हटल्यावर "हे तर आमच्याकडे होतंच" हा गजर सुरू होईल. तुमच्या भाषणात त्याला जागा देऊ नका. त्या गजरात हुआउत्लातल्या त्या बाईंचं नाव पुन्हा बुडेल.

आणि शेवटी पैशाचा प्रश्न. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने दाखले देऊन ते 1997 मध्ये रद्द करायला लावलं. मराठी माणूस ती गोष्ट आजही अभिमानाने सांगतो. आज सिलोसायबिनच्या स्फटिकरूपावर पेटंटं आहेत. एका कंपनीच्या पेटंट-अर्जात तर उपचाराच्या खोलीतलं मऊ फर्निचर आणि धीर देणारा स्पर्शसुद्धा दाव्यात घातला होता. मासातेक लोकांकडे संस्कृत ग्रंथ नव्हते, दाखला म्हणून मांडायला फक्त गाणी होती. आपल्या हळदीला जो न्याय आपण मागितला तो त्यांच्या लेकरांना नाकारायचा कोणत्या तोंडाने? भारताचा 2002 चा जैवविविधता कायदा आणि 2010 चा नागोया करार, दोन्ही पारंपरिक ज्ञान सांभाळणाऱ्या समाजाला लाभाचा वाटा द्यायला सांगतात. भारत आणि मेक्सिको दोघेही त्या कराराला बांधलेले आहेत.

म्हणून माझी मागणी अशी : या देशात सिलोसायबिनची पहिली चाचणी जेव्हा नैतिकता समितीपुढे येईल, तेव्हा समितीवरच्या तुमच्यापैकी कुणीतरी दोन प्रश्न विचारावेत. या औषधातून होणाऱ्या कमाईतला किती भाग मासातेक गावांना जाणार, ते लेखी कुठे आहे? आणि रुग्णाच्या संमतीपत्रात, दुष्परिणामांच्या यादीच्या आधी, हे औषध कुणाकडून आलं ते त्याच्या मातृभाषेत लिहिलं आहे का? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मराठी प्रश्नावलीच्या कामात माझे विद्यार्थी आणि मी, जिथे बोलवाल तिथे यायला तयार आहोत.

आपली,
मानववंशशास्त्राची एक शिक्षिका, पुणे